कागदाले सांग

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, दिवसभर करतेस तरी काय? तर गेला सगळा उन्हाळा मी पुठ्ठ्याच्या एका चाकामागे घालवला, आणि असा उन्हाळा या वयात वाट्याला आला याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आपल्या अमडापुरात शेजारच्या घरची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातली मुलं वर्ष ओळखतात ते पोळा, दसरा, आखाजी यांवरून. शाळेतल्या कॅलेंडरवर मात्र ऑगस्ट आणि ऑक्टोबर. दोन्हींची सांगड मुलांना लागेना, म्हणून तिने हे चाक केलं. बाहेरच्या कड्यावर इंग्रजी महिने, मधल्या चकतीवर मराठी महिने आणि सण, अगदी आत शेतातली चित्रं: सोयाबीनची पेरणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याचे घाटे. मुलं ते हाताळत हाताळत शिकली.

दुसऱ्या शाळांनीही ते करावं म्हणून तिने शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवला, तर तो परत आला. कल्पना चांगली आहे, पण दुसऱ्या शिक्षकाला नुसतं वाचून करता येईल असं लिहिलेलं नाही, असा शेरा होता. पुन्हा पाठवायची एकच संधी उरली होती. त्यातच तिची बदली ठरलेली. आपण गेलो की भिंतीवरचं चाक पुढच्या रंगरंगोटीत उतरणार आणि तिथेच संपणार, हे तिला दिसत होतं. माझ्याकडे आली तेव्हा ती फक्त म्हणाली, काकू, भाषा तेवढी सुधारून द्या.

मी म्हटलं, भाषेचं नंतर बघू. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि पुढे आयुष्यभर मी इंग्रजीच शिकवलं, पण त्याहून जुनी सवय म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या लावण्याची, तुम्हाला ती ठाऊक आहे. आम्ही रोज दुपारी बसू लागलो. हे कोणत्या मुलांसाठी, ते फिरवून त्यांना काय कळायला हवं, कळलं हे ओळखायचं कसं, सामान काय, आधी काय कापायचं. ती भराभर सांगायची आणि मध्येच "अंदाजानं" म्हणायची. मी पेन थांबवून विचारायची, कोणाच्या अंदाजानं? ती हसायची आणि पट्टी घेऊन मोजायला बसायची.

लिहून झाल्यावर मी म्हटलं, आता ज्याने हे चाक पाहिलेलंच नाही त्याने ते करून बघायचं, आणि आपण दोघींनी तोंड उघडायचं नाही. असा माणूस घरातच होता. तुमच्या आजोबांनी आढेवेढे घेतले, मास्तरणींच्या घरात म्हातारपणीही परीक्षा सुटत नाही म्हणाले, आणि कागद पुढ्यात ठेवून ओसरीवर कामाला लागले. ती समोर ओढणीचं टोक चावत बसली. चाक झालं, आणि खरंच देखणं झालं. फक्त मधला बोल्ट त्यांनी असा आवळला होता की मराठी महिने जागचे हलेनात.

तिला राहवलं नाही. "काका, मधली चकती ढिली ठेवा लागते. पाडव्याले सरकवा लागते, नाही त अधिक महिन्याच्या साली पोळा भलतीकडंच जाते."

आजोबांनी चष्मा काढला. "मले काऊन सांगतं, पोरी? कागदाले सांग."

दर पाडव्याला तिचा अंगठा ती चकती आपसूक सरकवत होता. हे लिहायचं असतं असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नाही. इथे धोंड्याचा महिना आला की जावयांची जेवणं सुरू होतात, तो कुणाला समजावून कोण सांगतो? मग आम्ही नवं पान लिहिलं: चकती सैल का ठेवायची, कधी सरकवायची, आणि अधिक महिन्यासाठी वेगळी पट्टी, त्या साली लावायची, मग काढून ठेवायची. तेव्हा तोच महिना चालू होता. आजोबा म्हणाले, सासुरवाडी तर उरली नाही, मजुरी म्हणून पुरणाचे धोंडे तूच कर. मी केले, आणि तिलाही वाढले.

प्रस्ताव मंजूर झाला आणि आमची पानं दुसऱ्या शाळांत गेली. ती बदलीच्या गावी गेली. मी मनोमन तिचे आणि आजोबांचे आभार मानते, आणि तो प्रस्ताव परत पाठवणाऱ्या अनोळखी माणसाचेही.

गेल्या आठवड्यात तिने मला एक फोटो पाठवला. पिंपळगाव राजाच्या एका शिक्षिकेने चाक केलं होतं. आम्ही दोघींनी तिला कधी पाहिलेलं नाही, तिने एकदाही फोन करून काही विचारलं नाही. अधिक महिन्याची पट्टी तिने लग्नपत्रिकेतून कापली होती, लाल आणि सोनेरी. मधल्या चकतीवर एका मुलीचा अंगठा होता, आणि चकती सरकलेली दिसत होती.

तीच पानं या पत्रासोबत आहेत. आतली चित्रं तुमच्याकडे जे पिकतं त्याची काढा. कुठे अडलात तर तेवढं कळवा. फोनवर सांगणार नाही, पान सुधारून पाठवीन.