मायनस एकशे अठरा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. माझं विचाराल तर ज्या ज्या वेळी लई राग आला आणि तोंडातून शब्द फुटला नाही, त्या त्या वेळचं सगळं आत साठत गेलं. नऊ वर्षं झाली या नोकरीला. आता चार मैत्रिणी जमल्या, चहा टाकला, की एकेक बाहेर पडतं. त्या पोट धरून हसतात. मी हसत नसते, हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात येतं!

नोकरी आधी सांगते. मी वैशाली, माहेर चाकूरचं, राहते नांदेडला. मोबाइल कंपनीसाठी रेंज मोजणाऱ्या एका ठेकेदाराकडं इंजिनियर आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर चार फोन आणि चारही फोनवर एक ॲप. तुमच्या फोनवर त्या चार-पाच काड्या दिसतात ना, त्यांच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. ॲप आकडा दाखवतं, तोही मायनसमध्ये. मायनस सत्तर म्हणजे झकास. मायनस शंभर म्हणजे ढकलगाडी. मायनस एकशे वीस म्हणजे फोन खिशात ठेवा आणि चालत जाऊन निरोप सांगा! आणि फोन कुठल्या बँडवर लागलाय तेही ॲप सांगतं. बँड पाच, बँड तीन, बँड चाळीस.

गाडीत आम्ही तिघं. गौसचाचा ड्रायव्हर. वाघमारेदादा रिगर, म्हणजे टॉवरवर चढून अँटेना बसवणारे. आणि मी. चौथे आमचे साहेब, ते पुण्यात. ते फक्त फोनवर!

*

बँड म्हणजे काय, हे मला कॉलेजात दोन सेमिस्टर शिकवलं. गौसचाचांनी ते किनवटकडच्या एका तांड्यावर दोन मिनिटांत शिकवलं.

गाडी थांबली की माणसं जमतातच. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "ह्यो बँड बँड काय म्हनून राहिली ही पोरगी?"

चाचा म्हणाले, "बाबा, लग्नातला बँड ऐकलाय ना? ढोल किती लांब ऐकू येतो?"

"पार शिवारापर्यंत."

"आन् पिपाणी?"

"ती मांडवापुरती."

"बस! पाच नंबर म्हणजे ढोल. डोंगर, झाडी, भिंत, सगळ्यातून जातो. चाळीस नंबर म्हणजे पिपाणी. जवळ उभं राहिलं तर मस्त, जरा लांब गेलं की खतम. तुमच्या टॉवरवर चाळीस नंबर लावलाय."

बाबांनी टॉवरकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"म्हंजी तालुक्याला ढोल, आन् आम्हाला पिपाणी?"

नऊ वर्षांत तेवढा बरोबर रिपोर्ट मीसुद्धा लिहिलेला नाही!

*

नांदेडात एका कॉलनीतून तक्रार आली. घरात रेंज नाही, कॉल मध्येच तुटतो, तातडीनं माणूस पाठवा. साहेबांचा सकाळपासून तीनदा फोन. "व्हीआयपी आहे, आधी तिथं जा."

तांड्याची तक्रार पाच महिने पडून होती. ही दोन तासांत सुटणार होती!

बंगला मोठा. साहेब म्हणावेत असे गृहस्थ. मी हॉलमध्ये, बेडरूममध्ये, गच्चीवर फोन फिरवला. हॉलमध्ये मायनस एकशे पंधरा. ॲपवर दिसत होतं की फोन लांबच्या, नदीपलीकडच्या टॉवरला लटकलाय. जवळचा टॉवर यादीतच नाही. मी म्हटलं, "इथं मागच्या गल्लीत टॉवर होता ना?"

वाघमारेदादांनी माझ्या कोपराला हळूच धक्का दिला. मी थांबले नाही. "तो काढला का कुणी?"

"आम्हीच काढायला लावला," गृहस्थ म्हणाले. "रेडिएशन असतं. मोर्चा काढला होता आम्ही. पुढं मीच होतो!"

"मग रेंज कशी येणार, साहेब?"

ते उभेच राहिले. "हे बघा मॅडम, आम्ही टॉवर नको म्हणालो होतो. रेंज नको कुठं म्हणालो?"

परत येताना गाडीत मी दात ओठ खात बसले होते. चाचा म्हणाले, "कैकू इत्ता गुस्सा करती बेटा? उनको पानी होना, टाकी नै होना!"

*

रेशन दुकानात आता अंगठा लावावा लागतो. मशीनला नेटवर्क मिळालं तर अंगठा पटतो, नाही तर नाही. धान्य समोर पोत्यात, माणूस समोर उभा, आणि मध्ये एक गोल गोल फिरणारी खूण.

किनवट तालुक्यातच एका गावात आम्ही पोचलो तेव्हा दुकानासमोर चाळीसेक माणसं बसलेली. सगळ्यात पुढं एक आजी. तिसरा दिवस होता तिचा. रोज दोन कोस चालत येत होती.

ॲपवर बघितलं. मायनस एकशे अठरा, बँड चाळीस. टॉवर कुठं, तर टेकडीच्या पलीकडल्या अंगाला. कागदावर मात्र ते गाव पूर्ण कव्हर!

आजीनं माझ्यासमोर अंगठा धरला. धुऊन धुऊन पांढरा पडलेला. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, की हात स्वच्छ पाहिजे.

"बाई, अंगठा माझाच हाय ना गं? का त्योबी बदलला?"

माझं टाळकं सरकलं. मी फोन घेऊन अख्खं गाव फिरले. मारुतीच्या पाराच्या मागं, चिंचेखाली, एका जागी लांबच्या जुन्या टॉवरचा बँड पाच सापडला. मायनस अठ्ठ्याण्णव. दोन पावलं इकडं सरकलं की गायब. वाघमारेदादांनी खडूनं तिथं गोल काढला. दुकानदार मशीन घेऊन गोलात उभा राहिला. पहिला अंगठा आजीचा. लागला!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लाज वाटली मला, पण वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या गोलाचा फोटो होता. खाली लिहिलेलं, 'ग्राहक समाधानी'.

*

साहेबांचं आणि माझं भांडण नकाशावरून. आम्ही गाडी फिरवतो तसतसं ॲप नकाशावर ठिपके टाकतं. चांगली रेंज हिरवी, मधली पिवळी, वाईट लाल. एकदा मी पाठवलेला नकाशा गोवर आल्यासारखा दिसत होता.

साहेबांचा फोन आला. "वैशाली, इतकं लाल चालणार नाही. वर दाखवायचंय मला."

"सर, आहेच लाल."

"तुम्ही जागा चुकीच्या निवडता. टॉवरच्या आसपास गाडी फिरवा. शंभर-दोनशे मीटरमध्ये. सगळं हिरवं येईल बघ."

गाडीत माझ्या शेजारी, आम्ही रेंज मोजत होतो त्या गावची आशाताई बसलेली होती. गरोदर बाईची माहिती वर पाठवायची म्हणून दुपारभर शेताच्या बांधावर उभी राहून आलेली. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं. ती सरळ फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "सायेब, मंग बायकांची बाळंतपणं बी टॉवरखालीच करू का?"

साहेब म्हणाले, "वैशाली, आवाज कट होतोय."

होत नव्हता. मायनस शहात्तर होतं. आमची गाडी टॉवरखालीच उभी होती!

*

हा किस्सा घरातला. माझ्या बाबांनी लातूरला जाऊन फाइव्ह-जीचा फोन घेतला. चाकूरला आले, डबा पूजेला ठेवला, विभूती लावली आणि मला फोन केला. "वैशे, फाइव्ह-जी येईना गं. गावात तर टॉवर लागलाय म्हणतात."

मी सुट्टीला गेल्यावर ॲप टाकून बघितलं. गावचा टॉवर ज्या बँडवर फाइव्ह-जी देत होता, तो बँड त्या फोनमध्ये नव्हताच! म्हणजे फोन फाइव्ह-जी, गाव फाइव्ह-जी, पण दोघांची गाठ पडायची सोयच नाही.

बाबांना घेऊन मी लातूरच्या त्या दुकानात गेले. दुकानदार बाबांशीच बोलत होता. मी विचारायची, तो बाबांकडं बघून उत्तर द्यायचा.

"काका, डब्यावर फाइव्ह-जी लिहिलंय का न्हाई?"

"लिहिलंय," मी म्हटलं. "पण कुठले बँड आहेत ते ग्राहकाला सांगितलं का? चाकूरला चालणार नाही हे माहीत होतं का तुम्हाला?"

"काका, पोरीला कशाला उन्हातान्हाचं आणता? ह्ये टेक्निकल असतंय. कुणी टॉवरचा इंजिनियर असंल वळखीचा तर त्याला घिऊन या, मी बोलतो त्याच्याशी."

माझे बाबा जन्मात कुणाला मोठ्यानं बोललेले नाहीत. किराणा दुकानात पन्नास वर्षं गेली त्यांची, गिऱ्हाईक देव मानणारा माणूस. त्यांनी फोनचा डबा काउंटरवर ठेवला. असा ठेवला, की काउंटरच्या काचा खणाणल्या.

"आणलाय. तुझ्याम्होरं हुबा हाय. बोल!"

फोन बदलून मिळाला. चाकूरला बसमधून उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "रोज असंच बोलतात का गं तुला?"

मी म्हटलं, "न्हाई बाबा." खोटं बोलले.

*

आता शेवटचा.

किनवटच्या जंगलात मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या अधीक्षिका बाईंनी सात वेळा तक्रार केली होती, की वसतिगृहात कुठल्याच फोनला रेंज नाही. सातही वेळा तक्रार बंद. 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज यायचा. तोही बाई बाजाराला किनवटला आल्या की दिसायचा, कारण शाळेत मेसेज पोचतच नव्हता!

मी तिथं तीनदा जाऊन आले होते. टॉवर डोंगराच्या पलीकडं, चाळीस नंबर. वसतिगृहात ॲप आकडा दाखवतच नव्हतं, नुसती रेघ. त्याच टॉवरवर पाच नंबरची अँटेना लावली तर काम होईल, असं मी तीनदा लिहून दिलं. वाघमारेदादा म्हणाले, "मॅडम, सामान द्या, मी आजच्या आज चढतो." सामान आलं नाही.

मग पावसाळ्यात एका सकाळी सातवीतल्या मनीषाला वसतिगृहाच्या मोरीपाशी साप चावला. फोन करायचा तर वर डोंगरावर जावं लागतं. तिथं एका सागाखाली लांबच्या टॉवरची रेंज मिळते. शिपाई पळत वर गेला. फोन लागला. पलीकडून ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, साप कसा होता, किती वेळ झाला, पोरगी शुद्धीत आहे का? त्याला काय माहीत! तो पळत खाली आला, विचारून पुन्हा वर पळाला. तेवढ्यात फॉरेस्टची जीप रस्त्यानं चालली होती, बाईंनी आडवं जाऊन ती थांबवली. मनीषाला त्या जीपमध्ये घातलं. चार दिवस दवाखान्यात होती. वाचली.

मी तो सगळा प्रकार लिहून पाठवला. या वेळी सगळ्यात वरपर्यंत, साहेबांना न विचारता. नोकरी गेली तर गेली. त्यामुळं साहेब पहिल्यांदा स्वतः आले. पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र, बरोबर एक फोटोग्राफर.

वसतिगृहात त्यांनी फोन वर धरला, खाली धरला, खिडकीबाहेर धरला. रेघ. "पण तुम्ही फोन करताच ना कुठून तरी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"करतो की. चला, दाखवते," बाई म्हणाल्या. "मनीषा, तू बी चल. वाट तुला चांगली ठावं हाय."

मनीषा पुढं, पायात चप्पल नाही, पोटरीवर अजून काळा डाग. तिच्यामागं बाई, मी, साहेब, फोटोग्राफर. चढ असा, की साहेब तीनदा बसले. पाऊण तास लागला. बूट मातीनं लाल.

सागाखाली पोचलो. साहेबांनी ॲप उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मायनस ब्याण्णव! बँड पाच! अहो, कव्हरेज आहे की इथं! वैशाली, तू काय लिहिलंस ते?" त्यांनी लगेच वरच्या साहेबांना फोन लावला. लागला. "येस सर, साइटवरूनच बोलतोय. क्लिअर ऐकू येतंय ना?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझा दंड धरला.

साहेबांनी फोन ठेवला. फोटोग्राफरला खूण केली, मनीषाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडं बघत हसून विचारलं, "काय बेटा, नेटवर्क आहे ना?"

"हाय ना सर," मनीषा म्हणाली. "सापानं फक्त हितं येऊन चावलं पायजे."