कडुनिंबाखालची जागा

बास्केटबॉलमध्ये पंच दोघं असतात. एक बास्केटखाली उभा राहतो, दुसरा मागं, मधल्या रेषेकडं. फाउल ज्यानं दिला त्यानं टेबलापाशी जाऊन खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवायचा, आणि मग दोघांनी आपसात जागा बदलायच्या. एकाच पंचाची नजर एकाच खेळाडूवर खिळून राहू नये, म्हणून. हे मी तलमडुगूच्या शाळेत पोरींना फळ्यावर काढून शिकवतो, चांगलं ठणकावून.

दोन वर्षांपूर्वी आदिलाबादला मुलींचा सामना होता. भीमपूरची एक मुलगी फार सुरेख खेळत होती. तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष, आणि जिल्ह्याचा संघ निवडणारे समोरच खुर्च्या टाकून बसलेले. मी बास्केटखाली होतो. तिथं कडुनिंबाची सावली होती. मधल्या रेषेवर ऊन भाजून काढत होतं. मी तिला चौथा फाउल दिला, टेबलाला दाखवला आणि परत सावलीतच येऊन उभा राहिलो. माझे जोडीदार, जैनथचे वयानं मोठे सर, जागा बदलायला निघालेसुद्धा होते. मी त्यांना हातानंच थांबवलं.

लगेच पुढच्या चढाईत पुन्हा तीच मुलगी माझ्यासमोर. तिचा हात खाली येताना दिसला आणि मी शिट्टी फुंकली. पाचवा फाउल, म्हणजे खेळाडू बाहेर; तिचा खेळ संपला.

"सर, म्या तिले हात लावलाच नाही," ती म्हणाली. आवाजही चढवला नाही तिनं. मी बोटं दाखवून मोकळा झालो.

नंतर चहा पिताना जोडीदार म्हणाले, "मले मागून साफ दिसलं, हात चेंडूलेच लागला. पन शिट्टी तुमची होती. जागा काऊन नाही बदलली, सर?"

गुडघा दुखत होता, मी म्हणालो. धडधडीत खोटं. मला ऊन नको होतं, एवढंच.

संघाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तिच्या गावी जाऊन माफी मागावी असं कितीदा ठरवलं, पण गेलो नाही. मुलींना ठणकावणारा मी, तिच्या दारात उभं राहायला भ्यालो.

यंदा पंच म्हणून त्याच मैदानावर गेलो तर टेबलापाशी गुण लिहायला तीच बसलेली. पहिला फाउल दिला आणि तिच्यासमोर जाऊन बोटं दाखवली. तिनं नीट लिहून घेतलं. आता तरी बोलावं म्हणून मी तिथंच घुटमळलो.

तिनं कागदावरून मान वर केली नाही. "सर, तुमची जागा आता तिकडं हाय," ती म्हणाली.

मी उन्हात जाऊन उभा राहिलो.