ज्ञानेश्वरीच्या हाती घट

माझा धाकटा भाऊ कानिफनाथ दर वर्षी दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. त्याची लेक ज्ञानेश्वरी यंदा दहावीला. पोरगी म्हणजे एक नंबरची उद्याबाई! गणितं उद्या, प्रयोग उद्या, डोक्याला तेलसुद्धा उद्या. हुशार आहे हो, पण पुस्तक उघडलं की हिला कुठूनशी झोप येते.

म्हणून नवरात्राच्या आदल्या दिवशी कानिफ म्हणाला, "आक्का, हिलाबी आमच्यासंगं नेतो. हितं हिला अभ्यासाला कोन बसवनार?"

पोरीचं तोंड उतरलं. उसाच्या फडावर गेली की दहावी बुडालीच! मी म्हटलं, "माझ्याकडं ठिव की."

"तू तरी किती वरडशील? ह्या साली घट हिच्या हाती. रोज पानी घालून नीट उगवून दावला, तर ऱ्हाईल."

देवीचा घट आणि उद्याबाईच्या हातात!

आणि बाईंनी करायचं तेच केलं. रोज रोज कोण उठणार, म्हणून घट बसला त्याच दिवशी पुढचं सगळं पाणी घटाच्या परडीत एकाच बाजूला एकदम ओतून मोकळी! मातीचा चिखल झाला, दोन-तीन दिवसांत त्या बाजूचं धान्य कुजलं, वास सुटला. मी अशी तापले की विचारू नका.

"अगं, आठवड्याचं जेवान तू एकाच टायमाला जेवतीस का?"

ती रडली नाही. परडीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी समदं असंच करती. परीक्षेच्या आदल्या रात्री समदं पुस्तक असंच वतती."

खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र नवल! सकाळी उठून ती परडीत थोडंसं पाणी शिंपडायची आणि तिथंच बसून थोडी गणितं सोडवायची. थोडीच, पण ती झाल्याशिवाय उठायची नाही. मी भाकरी थापता थापता चोरून बघायचे. आणि एका सकाळी हिने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. "आत्या, आलं! कोंब आलं गं!" मी पिठाच्या हातांनीच धावले. चांगल्या बाजूला पिवळसर कोंबांची दाटी झाली होती. दुसरी बाजू बोडकीच राहिली.

दसऱ्याला कानिफ परडीसमोर बसला. त्याने विचारायच्या आतच पोरगी बोलली, "आप्पा, ही बाजू म्या घालवली. पानी एकदमच वतलं. तिकडं रोज घातलं, आन रोज गणितंबी केली."

"केली रं, म्या डोळ्यानं बघितलं," मी मध्ये तोंड घातलंच.

कानिफने दाट बाजूचे कोंब खुडले, टोपीत खोवले आणि म्हणाला, "ऱ्हा हितंच."

पोरीने अशी उडी मारली की परडीच लवंडायची!

आता फडावरून कानिफचा रोज सकाळी व्हिडिओ कॉल येतो. टोपीत ते कोंब अजून आहेत, पार वाळलेले. काल त्याने नेहमीसारखं अभ्यासाचं विचारलं, "आज पानी घातलं का?"

"घातलं आप्पा! वर्गाच्या फुडं हाय मी. आत्याशी बोला, मला आत्ता येळ न्हाई!"

मोबाईल माझ्या हातात कोंबून ती पुस्तकाकडे पळाली. आमच्या उद्याबाईला म्हणे वेळ नाही! तिकडे कानिफ हसता हसता टोपीने डोळे पुसत होता, आणि इकडे मी तरी कुठं कोरडी होते!