एनिडची दगडी जनावरं

खोटं कशाला बोलू, एनिड टॅलेंटायरला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई गेली! चर्चच्या दारात पालथी, पाय बाहेर, डोकं आत. मी गावात लग्न होऊन नवीन आलेली, किंचाळले ना! तर प्रेतानंच मान वळवली. "ओरडू नकोस गं पोरी. हा ब्रश धर जरा." तिच्या नवऱ्याचा दाढीचा ब्रश होता तो. त्यानं ती दगडातली धूळ झाडत होती.

तेराशे वर्षांचं चर्च आमचं. दाराच्या चौकटीच्या डाव्या दगडावर, अगदी पायाशी, दोन लांबोडकी जनावरं एकमेकांना वेटोळी घालून कोरलीत. झिजून पार गुळगुळीत झालीत. चर्चची किल्ली एनिडकडे, झाडू एनिडकडे आणि चव्वेचाळीस वर्षं या जनावरांची उस्तवारही. "नवऱ्याला तरी इतकं जपलंस का गं?" मी विचारते. म्हणते, "नवरा हलायचा. ही बिचारी गप्प बसतात."

गेल्या मार्चमध्ये शहरातून डॉक्टर प्रिंगल आले. औषधाचे नव्हेत, जुन्या दगडांचे. दाराशी लावायच्या पितळी पाटीसाठी त्यांनी वहीत मजकूर लिहिला, 'गुंफलेले दोन साप.' एनिडनं चहाचा कप आपटला. "साप नाहीत ते."

"मिसेस टॅलेंटायर, मी तीस वर्षं हेच करतोय."

"मी चव्वेचाळीस. तेही वाकून."

सोमवारी पाटी कोरायला जाणार होती. एनिडचा जीव खालीवर. मला म्हणाली, "एकदा पितळेवर गेलं की संपलं. मी मेल्यावर सगळं गाव साप साप करत बसेल!"

गोम अशी, की डॉक्टर यायचे दीडच्या गाडीनं, पोटभर जेवून. तोवर दगड सावलीत. मग दिवा लावून समोरून फोटो काढायचे, त्यात सगळं सपाट. ऊन त्या दगडाला घासून जातं ते बाराच्या जरा आधी, पंधरा-वीस मिनिटं. हे कुणाला ठाऊक? रोज पालथं पडणारीला!

शनिवारी तिनं त्यांना साडेअकराला बोलावलं, हॅम सँडविचचं आमिष दाखवून. आले बिचारे. सँडविच राहिलं बाजूलाच.

"झोपा."

"मी? इथं?"

"मग काय पाद्रीबाईंना झोपवू? पोटावर."

कोट माझ्या हातात देऊन डॉक्टर पालथे पडले. ऊन तिरपं सरकलं, वेटोळी हळूहळू वर उठली, आणि एका डोक्यामागं टोकदार उंचवटा दिसला. मग दुसऱ्यामागंही.

डॉक्टरांनी बोट नेऊन तो उंचवटा चाचपला.

"काय आहे ते?" एनिडनं विचारलं.

"कान... दिसतोय."

"सापाला असतो?"

"नाही, पण शेपटी बघा ना, अगदी सापासारखी..."

"कानाचं बोला, डॉक्टर."

पडल्या पडल्याच त्यांनी वहीत 'साप' खोडलं आणि 'जनावरं' लिहिलं.

"कानवाली," एनिड म्हणाली.

त्यांनी तेही लिहिलं.