बोट नाही, हे मला माहीत होतं

त्या माणसाला सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेलं बघायचं, ही एकच इच्छा मी जवळजवळ वर्षभर मनात धरून होते. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील यवतमाळकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई घरी ब्लाउज शिवते. पुण्यात मी विश्रांतवाडीला मावशीकडे राहायचे. सकाळचं बी.कॉम.चं कॉलेज आटपलं की बस पकडून डेक्कनजवळच्या एका लहान टूर कंपनीत अर्धवेळ कामाला जायचे. तिथे मालकीण असलेल्या मॅडम, परदेशी सहली आखणारे सर आणि पडेल ते काम करणारी मी, अशी तीनच माणसं.

पहिल्या वर्षी मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत ग्रीसची सहल काढायची ठरवली. सरांचे हात नेहमीच्या युरोप सहलींमध्ये अडकलेले होते. ते मला म्हणाले, "बेटांचं तू बघ. सँटोरिनीहून क्रीटला बोटीने कसं जायचं तेवढं काढून ठेव."

मी तोवर समुद्र बघितलेला नव्हता. कॉलेजच्या मुलींबरोबर खडकवासल्याला गेले होते, तेच माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. पण काम दिलंय म्हटल्यावर मी ते परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं. बोट कंपन्यांची वेळापत्रकं, प्रवाशांनी लिहिलेल्या तक्रारी, बंदराचे नकाशे, सगळं उतरवून घेतलं. सँटोरिनीचं बंदर उंच कड्याच्या तळाशी आहे. वरच्या गावातून खाली यायला नागमोडी रस्ता, त्यात पन्नास बसची रांग, म्हणून बोटीच्या दीड तास आधी निघायचं. वारा वाढला की बोट रद्द होते, म्हणून बोटीचा दिवस आणि परतीचं विमान यांच्यात दोन दिवस मोकळे ठेवायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे या दोन बेटांमधली जलद बोट हंगामी. वसंतात सुरू होते, ऑक्टोबर संपता संपता बंद. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

सहलीला निघायच्या आधी आमच्याकडे मंडळींची एक बैठक होते. लहानसा हॉल, बटाटेवडे, कॉफी, आणि प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमाची पुस्तिका. त्या बैठकीत सरांनी माझा सगळा आराखडा "मी स्वतः बसून काढलाय" म्हणून सांगितला. तेही मी सोडून दिलं असतं. पण एका काकांनी विचारलं, "वारा असला तर काय करायचं हो?" सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वड्यांच्या ताटाजवळ उभी होते. घाईत तोंडून घरचं वऱ्हाडी निघालं, "आपण दोन दिवस मोकळे ठेवून राहिलो ना."

कुणीतरी हसलं. सर मला म्हणाले, "ठेवून राहिलो! बरं, मॅडम, तुम्ही आता कॉफीचं बघून राहा." मग हॉलभर हसू पसरलं. मी कॉफीचं बघितलं.

ते एकदाच झालं असतं तर विसरले असते कदाचित. पण पुढे वर्षभर मी ऑफिसात शिरले की, "काय, येऊन राहिली का?" फोन उचलला की, "काय बोलून राहिली गं?" कुरिअर द्यायला आलेल्या माणसासमोर, ग्राहकांसमोर. मी रात्रंदिवस शब्द तपासायला लागले. मावशी एकदा म्हणाली, "अवं, तू घरी पण पुस्तकावानी काऊन बोलतं?" त्या दिवशी मला सरांचा पहिल्यांदा खरा, दात आवळावे असा राग आला. त्यांनी माझं काम घेतलं होतं, आणि आता मावशीशी बोलायची माझी रीतही घेत होते.

पुढच्या वर्षी श्रावण दोनदा आला. अधिक महिना. सरांचं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे सासरी त्यांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. जावयाचा मान म्हणून मिळालेले अनारसे ते डब्यात घालून ऑफिसात घेऊन आले. मॅडमना दिले, समोरच्या दुकानदाराला दिले. मला एक तुटका देऊन म्हणाले, "खा, तुमच्याकडे असतं का हे?" आमच्याकडेही असतं. मी तो खाल्ला. चांगला होता, याचाही राग आला.

त्याच महिन्यात त्यांनी दिवाळीच्या ग्रीस सहलीची फाइल काढली. नवीन काही केलं नाही. माझा आदल्या वर्षीचा आराखडा उघडला, आणि जिथे तारखा होत्या तिथे नव्या तारखा घातल्या. पाडवा, भाऊबीज उरकून निघायचं, हे आमच्या मंडळींचं ठरलेलं. म्हणून दिवाळी जिथे, तिथे सहल.

ऑक्टोबरच्या मध्यावर मला पुस्तिका छापायला द्यायची होती. कार्यक्रम टाइप करताना पाचव्या दिवसापाशी माझे हात थांबले. 'सकाळी जलद बोटीने क्रीटकडे प्रस्थान.' बाजूला तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. आदल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती. यंदा अधिक महिन्याने ती पुढे ढकलली होती. ज्या महिन्याचे अनारसे सरांनी आम्हाला वाटले, त्याच महिन्याने त्यांची बोट घालवली होती. मी बोट कंपनीचं वेळापत्रक उघडून पाहिलं. त्या तारखेला बोट नव्हती, त्या आठवड्यातही नव्हती. विमानं आणि हॉटेलं आमच्याकडे आधी ठरतात, बोटीची तिकिटं मात्र शेवटच्या पंधरवड्यात काढतात, त्यामुळे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मला आनंद झाला. अगदी छातीत ऊब यावी तसा.

तरी मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले, हे सांगायला हवं. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक सवयीने. म्हटलं, "सर, ते बोटीचं जरा..."

समोर पासपोर्ट द्यायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. सर त्यांच्याकडे बघत म्हणाले, "बोटीचं काय? बघून राहिली का तू? अगं, बोटीचं मी बघतो. तू छापायला टाक."

जोडप्यातला नवरा हसला. मी म्हटलं, "बरं सर," आणि पुस्तिका छापायला टाकली.

तिथून बैठकीपर्यंत अठरा दिवस होते. त्या अठरा दिवसांत मी रोज ठरवत होते की बैठकीत कसं बोलायचं. आवाज मोठा नको. शब्द शुद्ध. आधी सरांना बोटीबद्दल पूर्ण बोलू द्यायचं, मग हात वर करायचा. बसमध्ये मी ते वाक्य मनात घोळवायचे. दसऱ्याला सरांनी मला आपट्याचं पान दिलं, "सोनं घे, आणि सोन्यासारखी वाग." जुनं विसरायचा तो दिवस. मी पान घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि मनात म्हटलं, थांबा तुम्ही.

या सगळ्यात एक बाई होत्या, त्यांच्याबद्दल आधीच लिहायला हवं होतं. हडपसरच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. सहलीला एकट्याच येणार होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही. त्या आठवड्यातून एकदा ऑफिसात यायच्या आणि सरांऐवजी माझ्याच टेबलाशी बसायच्या. त्यांना सँटोरिनीचं काही अप्रूप नव्हतं. "ते पांढरं-निळं सगळे बघतात गं. मला क्रीटचा तो राजवाडा बघायचाय. पुस्तकात दोन ओळी होत्या आणि एक काळपट चित्र. तीस वर्षं मी त्या दोन ओळींवर एक तास घेत होते. पोरं म्हणायची, बाई, तुम्ही बघितलाय का? मी म्हणायचे, बघेन."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा विचारलं, "बोटीत मळमळतं म्हणतात. गोळी कधी घ्यायची?"

मला माहीत होतं की बोट नाही. मी म्हटलं, "निघायच्या अर्धा तास आधी, बाई."

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

तेव्हा बोलले असते तर? हा विचार मी त्या संध्याकाळी केला, नाही असं नाही. पण बाईंना सांगितलं तर त्या मॅडमना सांगणार, मॅडम सरांना खोलीत बोलावून गुपचूप दुरुस्त करून घेणार, आणि बैठकीत सर पुन्हा म्हणणार, "मी स्वतः बसून काढलंय." मला ते नको होतं. मला हॉल हवा होता.

हॉल मिळाला. रविवारची सकाळ, बारा मंडळी, वडे, कॉफी. सरांनी पडद्यावर निळ्या पाण्यातल्या बोटीचा फोटो लावला. "दोन तासांत क्रीट. खुर्च्या विमानासारख्या. तिकिटं या आठवड्यात हातात येतील." मी हात वर केला. सर म्हणाले, "बोला मॅडम, काय सांगून राहिल्या?"

"सर, ही बोट ऑक्टोबरअखेर बंद होते. आपली तारीख नोव्हेंबरातली आहे. यंदा अधिक महिन्यामुळे दिवाळी पुढे गेली, तारखा बदलल्या, पण वेळापत्रक पुन्हा बघितलं गेलं नाही."

एकही शब्द चुकला नाही. सर म्हणाले, "असं कसं, गेल्या वर्षी..." आणि थांबले. त्यांनी मोबाइल काढला, बघितला, पुन्हा बघितला. त्यांचे कान लाल झाले. एक काका अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे आम्ही पोहत जायचं का? तसं आधी सांगा, सराव करतो." सगळे हसले. हे हसू आता सरांवर होतं, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या, सगळ्यांची माफी मागितली, दोन दिवसांत कळवते म्हणाल्या. सरांना त्यांनी सगळ्यांसमोरच सांगितलं, "तुम्ही खाली बसा आता." मला हवं होतं त्यापेक्षाही ते जास्त होतं.

त्या दिवशी विश्रांतवाडीला परतताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

पुढचे दोन दिवस मी आणि मॅडम मार्ग शोधत होतो. सँटोरिनीहून अथेन्सला विमानाने परत यायचं आणि तिथून दुसऱ्या विमानाने क्रीटला जायचं, एवढा एकच होता. त्यात एक पूर्ण दिवस जाणार होता, आणि बारा जणांना एकत्र जागा मिळेना. एजंट म्हणाला, "पंधरा दिवस आधी विचारलं असतंत तर दिल्या असत्या." मॅडमनी क्रीट रद्द केलं. त्याऐवजी अथेन्समध्ये दोन दिवस वाढवले. बहुतेक मंडळी खुश झाली, खरेदी करता येईल म्हणून.

बाईंना कळवायचं काम मी मागून घेतलं. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं म्हणून त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी सहज म्हणू शकले असते, बैठकीच्या आदल्या दिवशी. पण मला बाईंशी खोटं बोलवेना.

"अठरा दिवस आधी, बाई."

"म्हणजे मी गोळीचं विचारायला आले होते, तेव्हा?"

"हो."

त्यांनी माझ्यापुढचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "त्याने तुझी थट्टा केली ते मी ऐकलंय. मला आवडलं नव्हतं. पण त्याला धडा शिकवायचा तर त्याला शिकवायचा ना गं. मला का बसवलंस त्या वर्गात?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घरचेच शब्द आले, "बाई, मी... मले वाटलं नव्हतं..." आणि रडू आलं. बाईंनी मला जवळ घेतलं नाही. रागावल्याही नाहीत. "जा आता, बस चुकेल," एवढंच म्हणाल्या.

सरांनी पुढच्या महिन्यात नोकरी बदलली. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. त्यांना पुन्हा तसं खाली बसवायची संधी आली तर मी बसवेन. मॅडमनी ग्रीसची सहल माझ्याकडे दिली.

बाई त्या सहलीला गेल्या आणि आल्या. सगळ्यांसाठी ऑलिव्हचा साबण आणला होता, मलाही एक दिला, हसून दिला. पण माझ्या टेबलाशी बसल्या नाहीत. नंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचं लांब जाणं बंद झालं. मी दोनदा घरी गेले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "बाई, पुढच्या मे महिन्यात बोट रोज असते. मी स्वतः सगळं बघेन, व्हीलचेअर मिळते बंदरावर."

त्या म्हणाल्या, "तो राजवाडा सगळा पायऱ्यांचा आहे गं. मी शिकवलंय."