चुड्याखालचा बीपी

समजा, बीपी मोजायचं यंत्र तुमच्या हातात आहे. काम तसं सोपं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, कोपरापासून दोन बोटं वर. मध्ये काही येऊ द्यायचं नाही. बटण दाबायचं आणि पेशंटला सांगायचं, बोलू नका. आता समोर धनीबाई बसल्या आहेत. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि कोपरापासून पार खांद्याजवळपर्यंत पुन्हा पांढऱ्या बांगड्या. कोपर तेवढं मोकळं, तेही हात वाकला पाहिजे म्हणून. सांगा, पट्टा कुठं बांधाल? आणि धनीबाईंना ‘बोलू नका’ असं कोण सांगेल?

वर्षाच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वर्षा नेरकडची, कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरातली. यवतमाळला बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुसदच्या डोंगराकडच्या फुलसिंग नायकाच्या बंजारा तांड्यावर. हुद्दा होता समुदाय आरोग्य अधिकारी. हे तीन शब्द तिनं उपकेंद्राच्या दारावर ठळक अक्षरात लिहून घेतले होते. तांड्यानं ते वाचले, मान डोलावली आणि तिला ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली. धनीबाईंनी तेवढीही तसदी घेतली नाही. त्या तिला ‘छोरी’ म्हणत.

वर्षाला सगळं नियमाप्रमाणे लागायचं. बीपी मोजण्याआधी पेशंटनं पाच मिनिटं शांत बसायला हवं, तर ती खरंच घड्याळ लावून बसायची. तांड्यातल्या बायकांना हा प्रकार फार आवडला. घरात दिवसभर कुणी बसू देत नाही आणि ही पोरगी सरकारी खुर्चीवर बसवते, वर पंखाही लावते, म्हणून दुखणं नसलं तरी एखादी चक्कर मारून जायची.

धनीबाई मात्र कामानं आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. गेल्या वर्षी नेत्रशिबिराच्या गाडीतून पुसदला जाऊन त्या तशाच परत आल्या होत्या. बीपीची नोंद नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि हातात बांगड्या म्हणून नोंद नाही. यंदा गाडी पुन्हा येणार होती.

धनीबाईंना डोळे हवे होते ते टाक्यांसाठी. आरशांचं, कवड्यांचं भरतकाम त्यांच्यासारखं आसपासच्या तांड्यांत कुणाचं नव्हतं. आता सुईत दोरा सून ओवून द्यायची. मागच्या होळीला त्यांनी नातीच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, निळ्याच्या जागी हिरवा दोरा भरला. कुणी काही बोललं नाही. नेमकं तेच त्यांना लागलं. ज्या बाईच्या टाक्याला नावं ठेवायची कुणाची हिंमत नव्हती, तिची आता लोक कीव करू लागले होते.

त्यांची सून बबिता त्याच तांड्याची आशाताई. सासूला हात धरून आणणं हे तिचं घरचंही काम आणि सरकारीही.

“मॅडम, तुमीच सांगा यायले,” बबिता म्हणाली. “मी सांगतलं तं म्हनते, तुले मायावर राज्य करायचं हाय.”

“हायच तं!” धनीबाई म्हणाल्या.

वर्षानं आधी बांगड्यांवरूनच पट्टा बांधून पाहिला. यंत्रानं हवा भरली, घुर्र केलं आणि पडद्यावर चूक दाखवून ते गप्प झालं. तिला ते कळायला हवं होतं. यंत्र नाडीचा बारीक धक्का पट्ट्यातून हेरतं. मध्ये बांगड्यांची भिंत असल्यावर ते बिचारं काय हेरणार? मग तिनं धनीबाईंना आडवं निजवलं, पायातलं चांदीचं कडं खाली सारलं आणि पट्टा पोटरीला बांधला.

“आता गं माय! बीपी पायात बी राह्यते?” धनीबाईंनी विचारलं.

“सगळ्याच आंगात राह्यते याडी,” तांड्यात आईला म्हणतात तसं वर्षा म्हणाली. “तुमी बोलू नका बरं.”

आकडा आला एकशे शहात्तर. वर्षानं लगेच व्हिडिओवर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, पायाचा आकडा हातापेक्षा जास्त येतो. किती जास्त, ते माणसामाणसावर. यावर गोळी ठरवता येणार नाही आणि नेत्रशिबिरवाले तर मुळीच धरणार नाहीत. हाताचा सांगा.

म्हणजे चुडा उतरवणं आलं. वरच्या तेवढ्या काढू म्हणावं, तर त्या खालच्यांवरून निघत नाहीत. आधी मनगटाच्या, मग कोपरापर्यंतच्या आणि मग दंडाच्या. एक अख्खा हात मोकळा करायचा. आणि नवरा जिवंत असताना चुडा उतरवायचा नसतो. तो नवरा गेल्यावर उतरतो.

“रुपीबाईनं काढला होता,” धनीबाई म्हणाल्या. “पुसदले फोटो काढाचा होता तिच्या हाताचा. आन् महिना नाई झाला तं तिचा शंकरसिंग बैलगाडीतून पडला.”

“मेला का?” वर्षानं घाबरून विचारलं.

“नाई. लंगडला.”

“याडी, तो त्यानंतर दहा वर्सं जगला,” बबितानं सासूला आठवण करून दिली.

“लंगडतच जगला ना!”

वर्षानं तरी दहा मिनिटं समजावलं. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, सगळं सांगितलं. धनीबाईंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “छोरी, तू चांगली बोलते. लग्न झालं का तुयं?”

बाहेर ओट्यावर धनीबाईंचा नवरा, देवसिंगबाबा, बिडी विझवून कानामागं अडकवत बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. चर्चा आपल्या मरणाची चाललेली असताना माणसाचे कान जरा जास्तच तीक्ष्ण होतात. ते उठून आत आले.

“एक सांगा सिस्टर. चुडा हा कोनाच्या नावाचा?”

“तुमच्या.”

“मंग माया नावाचा चुडा माया हातात घालतो. तुमी तुमचं काम करा. चुडा उतरला कोठी? घरातच हाय. आन् मी बी अठीच हावो.”

बबितानं तोंडाला पदर लावला. वर्षानं नियम आठवून पाहिले. नवऱ्यानं बांगड्या घालू नयेत असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. धनीबाई मात्र विचारात पडल्या. त्यांनी नवऱ्याकडे वरून खाली पाहिलं, जसं बाजारात बैल पाहतात तसं.

“पडाचं-बिडाचं नाई,” शेवटी त्या म्हणाल्या. “कोठी जायचं नाई. अठीच, माया समोर बसाचं.”

खोबरेल तेल आलं. एकेक बांगडी धनीबाईंच्या हातातून निघे आणि जमिनीला न टेकता थेट देवसिंगबाबांच्या हातात जाई. बाबांचा हात म्हणजे तुराटी. बांगड्या सरसर वर चढल्या. एका हातात बांगड्या खांद्यापर्यंत, डोक्याला मुंडासं, कानामागं बिडी, आणि चेहरा असा की जणू तांड्याचं नायकपद मिळालं आहे. इकडं धनीबाईंचा मोकळा हात मांडीवर पडला होता. पन्नास वर्षांत ऊन न पाहिलेली कातडी गोरीपान निघाली होती. त्यांनी तो हात पदराखाली घेतला. वर्षानं तो हळूच बाहेर काढला.

पाच मिनिटं शांत बसणं झालं. म्हणजे बाकीचे शांत बसले. धनीबाई डोळ्याची पापणी न हलवता नवऱ्याच्या छातीकडं पाहत होत्या, वरखाली होते की नाही ते.

पहिला आकडा, एकशे नव्वद, पायापेक्षाही जास्त. दुसऱ्या वेळी नेमका देवसिंगबाबांना खोकला आला. यंत्र दोनशेच्या वर गेलं. तिसऱ्या वेळी पुन्हा एकशे नव्वदच्या आसपास.

“बाबा, तुमचा बी पाहून घेऊ?” वर्षानं जाता जाता विचारलं.

“माया हात रिकामा नाई ना सिस्टर,” बाबा म्हणाले आणि दुसरा हात पाठीमागं लपवला.

डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू करायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायला. गोळी रोज सकाळी बबिता स्वतः देई आणि गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून पाही. धनीबाई जीभ बाहेर काढून दाखवत, बहुधा गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ. मिठाचं मात्र बबितानं कुणाला विचारलं नाही. भाजीत कमी टाकलं आणि वरून लोणच्याची बरणी लपवली. सासू-सुनेचं त्यावरून जे भांडण झालं त्यात कुणाचा बीपी किती वाढला, याची नोंद नाही.

पंधरा दिवसांनी उपकेंद्रात बसायला जागा नव्हती. देवसिंगबाबा चुडा घालतात ही बातमी तांडाभर झाली होती. बाया ओट्यावर, खिडकीत, दारात.

“बाबा, फेटिया बी आनू का?” बबितानं विचारलं.

“आन! आन् नाकातली बी आन!” बाबांनी हात वर करून बांगड्या वाजवल्या.

खिडकीतल्या बाया लोळायच्या बाकी राहिल्या. वर्षा शांत बसा, शांत बसा म्हणत घड्याळ दाखवत राहिली आणि शेवटी स्वतःच हसू लागली. धनीबाईंनी आधी तोंड घट्ट मिटून धरलं, मग त्यांच्या खांद्यांनी दगा दिला. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. पाणी पुसून झाल्यावर, सगळ्या गप्प झाल्यावर, वर्षानं बटण दाबलं. एकशे छत्तीस. पुन्हा मोजलं, तेवढंच. कागदावर नोंद झाली, खाली सही झाली.

खरी गंमत पुढं पुसदच्या दवाखान्यात होती. ऑपरेशन चालू असतानाही हाताला पट्टा लागतो, हे वर्षानं आधीच सांगून ठेवलं होतं. धनीबाई आत गेल्या आणि देवसिंगबाबा बाहेरच्या बाकावर हातभर चुडा घालून बसले. सोबत गेलेल्या बबितानं नंतर सगळं वर्षाला सांगितलं. येणारे-जाणारे थबकत होते. एका पोरानं मोबाइल काढला, तर बाबांनी हात आणखी नीट समोर धरला. कुणीतरी धीर करून विचारलं, “काका, हे काय?”

“बायकोचा हात सांभाळून राह्यलो,” बाबा म्हणाले. “तिचा डोळा आत हाय.”

पट्टी सुटल्यावर आठवड्याभरात धनीबाई उपकेंद्रात आल्या. दोन्ही हात पुन्हा भरलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या त्यांनी दारावरचे तीन शब्द निरखले. अक्षरओळख नव्हती, पण रंग कुठं उडालाय ते बरोबर दाखवलं. मग वर्षाच्या टेबलावरची शिवणाची सुई मागितली, सोबत आणलेला भरतकामाचा दोरा काढला आणि एका फटक्यात ओवून दाखवला. बबिताला त्या म्हणाल्या, “आता तुया हातचा दोरा नको. आन् तो हिरवा मले उसवाचा हाय.” जाता जाता वर्षाला विचारलं, “छोरी, हे गोळी किती दिवस?”

“रोज घ्यायची याडी,” वर्षा म्हणाली. नियमाप्रमाणे उत्तर तेच होतं.

पण ते म्हणताना तिला स्वतःलाच पटलं नाही. तिनं डॉक्टरांना पुन्हा गाठलं. ते म्हणाले, आकडा उतरलाय, डोळा बरा आहे, चालू राहू द्या. शंका असेल तर वरचेवर मोजून पाहा. वरचेवर मोजायचं म्हणजे वरचेवर खोबरेल तेल, वरचेवर देवसिंगबाबा आणि खिडकीत अर्धा तांडा. तेही तिनं केलं असतं. अडचण अशी की आता दर वेळी धनीबाई हसायच्या, आणि पोटात रोज गोळी असायची. दोन्ही एकदम. भीती होती तेव्हा गोळी नव्हती. गोळी आली तेव्हा भीती गेली होती. कॉलेजात शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. तांड्यात तसं करायचं, तर धनीबाईंना पुन्हा घाबरवायला हवं, आणि ते वर्षाच्या हातून होणारं नव्हतं.

म्हणून वर्षा अजून ज्याला त्याला विचारते, मासिक बैठकीत, पुसदच्या सिस्टरना, एकदा तर घरी नेरला आपल्या वडिलांनाही विचारून झालं: त्या पहिल्या दिवशी यंत्रानं मोजला तो धनीबाईंचा आजार होता, की नवरा समोर जिवंत बसलेला असताना हात मोकळा झाल्याची धास्ती?