पहिला नमुना सुनंदाचा

सुनंदाच्या मुलीचा, शमिकाचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये हातमोजे चढवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. न्यूमोनिया झाला म्हणून सुनंदा आठ दिवस आमच्याच रुग्णालयात होती. आदल्या दुपारी मी वर जाऊन आले, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिने विचारलं होतं, "मुलुंडच्या त्या आजोबांचा रिपोर्ट गेला का गं?" गेला म्हटल्यावर तिने मास्क परत लावला आणि डोळे मिटले. याला आता महिना होत आला...

सुनंदा परब आणि मी, दोघी टेक्निशियन. उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आम्ही सत्तावीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. रुग्णांचं रक्त, लघवी, थुंकी आमच्याकडे यायची, त्यातले जंतू वाढवून ओळखायचे हे आमचं काम. तिचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली आणि थोरली म्हणून घर तिच्यावर आलं, तरी शिक्षण तिने सोडलं नाही. कामात ती पक्की होती. एका जंतूला पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. नाक लावायचं नाही असा नियम असूनही ती लांबूनच सांगायची, "हा तोच मेला." आणि तोच निघायचा.

चाळिशी ओलांडल्यावर तिची बोटं आखडायला लागली. सकाळी बाटलीचं झाकण माझ्याकडे सरकवायची, "जरा उघड ना." आधी आम्ही थकव्यावर घातलं. मग निदान झालं, ऱ्हुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. गोळ्यांनी सूज आटोक्यात राहिली, पण सकाळचा पहिला तास-दीड तास तिचे हात तिचे नसायचे. याबद्दल ती फार बोलली नाही. लवकर उठायला लागली, बस्स.

त्याच सुमारास संधिवात विभागात डॉ. अदिती आल्या. त्यांना या रुग्णांच्या तोंडातले आणि आतड्यातले जंतू तपासून पाहायचे होते. हिरड्या सुजवणारे काही जंतू या आजाराला खतपाणी घालत असावेत, आतड्यातल्या जंतूंचा समतोलही बिघडत असावा, अशी शंका जगभर घेतली जात होती. पण नमुने कोण देणार? रक्त द्यायला सगळे तयार असत. शौचाची डबी हातात दिली की माणसं मान हलवून घरी जात आणि डबी काही परत येत नसे. दोन आठवडे असे गेल्यावर एका सकाळी सुनंदाने स्वतःच्या दोन डब्या, एक लाळेची आणि एक शौचाची, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. "पहिला नमुना माझा घ्या. आता मी बाकीच्यांशी बोलते."

आणि ती बोललीच. भांडुपचे एक काका डबी रुमालात लपवून निघाले होते, आडनावावरून तिने गाव ओळखलं आणि मालवणीत सुरू झाली. "काका, लाज कसली? सगळ्यांच्या पोटात ताच आसता. माझा पण दिलंय मी." काका हसले. दुसऱ्या दिवशी डबी आली. मग येतच राहिल्या.

तिच्या स्वतःच्या नमुन्यात निघालं ते आम्हालाही नवीन होतं. एरवी तोंडात राहणारे काही जंतू तिच्या आतड्यातही बऱ्यापैकी सापडले. हिरड्यांतून रक्त येतं हे तिने वर्षानुवर्षं मनावर घेतलं नव्हतं. तिने हिरड्यांचे उपचार करून घेतले. काही महिन्यांत सकाळचं आखडणं अर्ध्या तासावर आलं. मधल्या काळात गोळ्यांचा डोसही बदलला होता. "नक्की कशाने कमी झालं, हे मी सांगू शकत नाही," असं डॉ. अदितींनी तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. सुनंदाने आनंदात ते ऐकलं आणि सोडून दिलं.

कांजूरमार्गच्या तिच्या सोसायटीत हळदीकुंकवाला तिने सगळ्या बायकांना सांगून टाकलं, "हिरड्या सांभाळा, संधिवात पळतो." चौथ्या मजल्यावरच्या नलूताईंना हाच आजार होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या. मिठाच्या गुळण्या आणि जेवणानंतर ताक, एवढ्यावर दोन महिने काढले. मनगटं सुजून त्यांना वाटीही उचलेना, तेव्हा सुनंदाला हे कळलं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. लिफ्ट दुरुस्तीला होती. कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत ती चार जिने चढली. नलूताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अगं, तू कशाला आलीस वर?"

"माझं चुकलं म्हणून आले. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. माझ्या गोळ्या मी एक दिवसही सोडल्या नव्हत्या."

नलूताई म्हणाल्या, "मला गोळ्या नकोच होत्या गं. तू म्हणालीस, म्हणून हिंमत झाली." हे वाक्य सुनंदाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्यांना डॉ. अदितींकडे घेऊन आली. सूज उतरली, पण उजव्या हाताचं एक बोट वाकडं राहिलं ते राहिलंच.

दुसरी कोणी असती तर तोंड मिटून बसली असती. सुनंदा बोलत राहिली, फक्त बोलण्याची तऱ्हा बदलली. काय माहीत आहे ते सांगायची, लगेच काय माहीत नाही तेही सांगायची. सोसायटीच्या पुढच्या हळदीकुंकवात तिने आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली, नलूताई शेजारीच बसल्या होत्या. डॉ. अदितींनी एकदा चार डॉक्टरांसमोर तिच्या सुधारणेचं कौतुक केलं, तेव्हा ती मागून म्हणाली, "मॅडम, माझ्या एकटीवरून काही ठरवू नका." माझ्या मते तिच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम होतं. जंतू ओळखणारे पुष्कळ आहेत. आपल्याला किती कळलं आहे हे ओळखणारी मी एकच पाहिली.

ओपीडीत रुग्णांना डब्या देतात त्या खोलीत रुग्णासमोर टेबलामागे एक खुर्ची असते. सुनंदा त्या खुर्चीवर कधी बसली नाही. बाकावर रुग्णाच्या शेजारी बसायची आणि दोघांची तोंडं भिंतीकडे ठेवून बोलायची. म्हणे, नजरेला नजर नसली की माणूस पोटातलं बोलतो. सोमवारी तिच्या जागी मी गेले. घाटकोपरची एक बाई डबी पदराखाली धरून बसली होती. मी खुर्ची मागे ओढली, थांबले... आणि बाकाकडे गेले. "जरा सरकता का?" मी म्हटलं. ती सरकली.